भोपळ्याचा दिवा आणि बागुलबुवा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

रानातली कामं उरकून, भाकऱ्या थापून तुम्ही आता जरा टेकला असाल. कुणाच्या मांडीवर लेकरू असेल, कुणाच्या नातवंड असेल. त्यांना तसंच बसू द्या. आजचं बोलणं त्यांच्याबद्दलच आहे.

मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. लहान मुलांचं मला बरंचसं कळतं, असं मला वाटत होतं. 2024 साली मी लेकीकडे अमेरिकेला गेले आणि तिथे एका तीन वर्षांच्या पोराने, म्हणजे माझ्याच नातवाने, मला नवा धडा दिला. तोच आज सांगते.

माझी लेक इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या बाहेर राहते. हे राज्य भोपळ्यासाठी प्रसिद्ध आहे. आपण लाल भोपळा म्हणतो, कुणी डांगर म्हणतं, तोच. ऑक्टोबर लागला की तिथे शेताशेतांत नारिंगी भोपळ्यांचे ढीग दिसतात. माणसं पोराबाळांना घेऊन शेतावर जातात आणि आपल्या हाताने भोपळा निवडून आणतात. घरोघरी पायरीवर भोपळे मांडलेले असतात. मी लेकीला विचारलं, "अगं, एवढी भाजी कोण खाणार?" ती हसली. म्हणाली, "आई, हे खायला नाहीत, हॅलोविनला आहेत."

हॅलोविन हा तिकडचा सण. दरवर्षी 31 ऑक्टोबरला येतो. मूळचा आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचा. पीक घरात यायचं आणि थंडी सुरू व्हायची, त्या वेळचा. त्या रात्री मेलेली माणसं, भुतंखेतं फिरतात असा जुन्या लोकांचा समज होता. पुढे ख्रिस्ती धर्मात 1 नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस झाला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळला हॅलोविन नाव पडलं. आयर्लंडची माणसं सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. ती अमेरिकेत गेली, तिथे त्यांना भोपळा मिळाला. सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. म्हणून भोपळ्याचा दिवा आला. आता मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन संध्याकाळी दारोदार जातात, लोक त्यांना गोळ्या-चॉकलेटं देतात. एवढाच तो सण.

पण त्यात भीती दाखवायची हौसही फार. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही एका दुकानात गेलो होतो. दारातच माणसाएवढा सांगाडा उभा केलेला. जवळून कुणी गेलं की त्याचे डोळे लाल व्हायचे आणि तो खदाखदा हसायचा. नातू माझं बोट धरून पुढे गेला आणि सांगाडा हसला. पोर असं किंचाळलं की माझंच काळीज हललं. मी त्याला उचललं. तो थरथर कापत होता, चड्डी ओली झाली होती. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, "अरे, भित्रा कुठला! काय होतंय त्याला?"

त्या रात्री तो झोपला नाही. दिवा घालवू देईना. सलग चार रात्री हेच. पाचव्या रात्री मी वैतागून म्हणाले, "आता झोप, नाहीतर तो सांगाडा येईल." तोंडातून शब्द गेला आणि मी वर बघितलं, तर लेक दारात उभी होती.

त्या वेळी ती काही बोलली नाही. पोर झोपल्यावर स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, तू मला म्हणायचीस, पोत्यात घालून नेणारा बाबा येईल. आठवतं? मी पाचवीपर्यंत रात्री एकटी मोरीत जात नव्हते. पोटात दुखायचं तरी उठायची नाही. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू भित्री म्हटलं असतंस."

मैत्रिणींनो, मी गप्प बसले. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली आणि माझ्या घरातली पोर अंधारात जीव मुठीत धरून पडून राहायची, हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." आईने लेकीला असं म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पण म्हटल्यावर दोघींनाही बरं वाटलं.

मग लेक म्हणाली, "आई, सण तर येणारच. रस्त्यावर, दुकानात, बालवाडीत सगळीकडे हेच दिसणार. त्याला घरात कोंडून काय होणार? आपण घरीच छोटा, न घाबरवणारा हॅलोविन करू. हाताला गंमत वाटेल असे खेळ ठेवू." तिथे अशा खेळांना सेन्सरी प्ले म्हणतात. म्हणजे हाताने चिवडायचं, नाकाने हुंगायचं, कानाने ऐकायचं, डोळ्याने रंग बघायचे. लहान मूल असंच शिकतं. आपली पोरं चुलीपुढे कणकेच्या गोळ्याशी खेळतात, मातीत घर करतात, तेच हे. नाव नवीन, गोष्ट जुनी.

आम्ही दोघींनी वही घेतली आणि बेत केला. तो नीट सांगते, कारण कुठल्याही सणाला लहान मुलं जमवायची असली तर हेच उपयोगी पडतं.

पहिलं, मुलं थोडी. नातू आणि शेजारपाजारची तीन, एवढीच बोलावली. प्रत्येकाबरोबर आई किंवा बाप.

दुसरं, वेळ. शनिवारी सकाळी दहा ते अकरा. लख्ख उजेड, पोट भरलेलं, झोप झालेली. या वयाचं मूल एका खेळात दहा-पंधरा मिनिटं रमतं, म्हणून चार छोटे खेळ. एक तासात कार्यक्रम संपला पाहिजे, रडारड होईपर्यंत ताणायचं नाही.

तिसरं, मुखवटे नकोत. दोन-चार वर्षांच्या मुलाला खरं काय आणि सोंग काय हे नीट वेगळं करता येत नाही. ओळखीचा चेहरा मुखवट्यामागे गेला की त्याला तो माणूसच बदलला असं वाटतं. शिवाय मुखवट्याच्या भोकांतून धड दिसत नाही, मूल अडखळून पडतं.

चौथं, एक निवांत कोपरा. चटई, उशी, दोन चित्रांची पुस्तकं. गोंगाट सोसला नाही तर मुलाने तिथे जाऊन बसायचं. कुणी "चल ये, ये" करून ओढायचं नाही.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल "नको" म्हणालं की नको.

आता खेळ सांगते.

पहिला खेळ भोपळ्याचा. लेकीने भोपळ्याचं झाकण कापलं. सुरी मोठ्यांच्याच हातात राहिली आणि काम झाल्यावर लगेच वर ठेवली. मुलांनी आत हात घालून बिया आणि दोरे बाहेर काढले. आत गार, गिळगिळीत, ओलं. दोन मुलं खिदळायला लागली. एका मुलीने मात्र हात मागे घेतला, तोंड वाकडं केलं. काही मुलांना ओलं, चिकट हाताला सोसत नाही. ते नाटक नसतं. तिची आई म्हणाली, "घाल गं हात, काही होत नाही." लेकीने हळूच तो गर एका प्लास्टिकच्या पिशवीत भरला, तोंड पक्कं बंद करून पिशवी टेबलाला चिकटपट्टीने चिकटवली. आता हात न भरता वरून दाबता येत होतं. मुलगी पाच मिनिटं नुसती बघत होती. मग एका बोटाने दाबलं. मग दोन्ही तळव्यांनी. शेवटी शेवटी तिने स्वतःच चमचा मागितला आणि भोपळ्यातून बिया काढल्या. जबरदस्ती केली असती तर ती रडत घरी गेली असती.

दुसरा खेळ रंगीत पिठाचा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल आणि थोडा लिंबाचा रस. हे मंद आचेवर घोटायचं, गोळा झाला की उतरवायचं, कोमट झाल्यावर मळायचं. कच्च्या पिठातही जंतू असू शकतात, म्हणून शिजवलेलं बरं. आणि मीठ भरपूर असल्यामुळे मूल ते खात नाही ना, यावर लक्ष हवं. रंगाला आम्ही हळद आणि जरा लाल खायचा रंग घातला, भोपळ्यासारखा झाला. लेकीने त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग यांची पूड टाकली. तिकडे भोपळ्याच्या गोड पदार्थात हाच मसाला घालतात. वास आला आणि मला एकदम आपल्याकडच्या दिवाळीच्या फराळाची आठवण झाली. मुलांनी त्या पिठाचे छोटे भोपळे केले, वर काडी खोचली की देठ तयार.

तिसरा खेळ जाळ्याचा. दाराच्या चौकटीत कागदी चिकटपट्टीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावल्या, चिकट बाजू मुलांकडे. झालं कोळ्याचं जाळं. मुलांनी रद्दीचे बोळे करून लांबून फेकायचे, जो चिकटेल तो माशी. कोळी दाखवायची गरजच पडली नाही. या खेळाने घर दणाणून गेलं.

चौथं काम पावलांचं. मुलाच्या तळपायाला पाण्याने धुऊन जाणारा पांढरा रंग लावायचा आणि काळ्या कागदावर ठसा घ्यायचा. कागद उलटा धरला की टाच होते डोकं आणि बोटं होतात झग्याची झालर. वर दोन डोळे आणि हसरं तोंड काढलं की झालं भूत! नातू ते बघून म्हणाला, "आजी, हे भूत माझ्या पायाचं आहे. हे मला भीत असेल." मैत्रिणींनो, ज्या पोराने चार रात्री दिवा घालवू दिला नव्हता, त्याचे हे शब्द. स्वतःच्या हातापायाने केलेल्या गोष्टीची भीती उरत नाही.

आता जपायच्या गोष्टी. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ बारीक वस्तू नको. तिथे एक सोपी खूण सांगतात. टॉयलेट पेपरची जी पुठ्ठ्याची नळी असते, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते. बिया, मणी, गोट्या, बटणं सगळं त्यात आलं. म्हणून बिया काढताना मोठं माणूस शेजारी बसलेलंच हवं आणि खेळ संपला की बिया मोजून उचलल्यासारख्या उचलायच्या. पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी मिळतात ना, ते तर लहान मुलांच्या घरात आणूच नयेत. गिळले गेले तर पोटात फुगतात, जिवावर बेततं. शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं चार वर्षांखाली देऊ नयेत. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून. आणि भोपळ्यात मेणबत्ती न लावता सेलवरचा छोटा दिवा ठेवायचा. सोंगाचे झगे लांब असतात, ज्योत लागायला वेळ लागत नाही.

तिथली एक गोष्ट मला फार आवडली. काही घरांच्या पायरीवर मोरपंखी रंगाने रंगवलेला भोपळा ठेवलेला असतो. त्याचा अर्थ, आमच्याकडे खाऊशिवाय दुसरी भेटही आहे, पेन्सिल, चित्रं, छोटं खेळणं. काही मुलांना शेंगदाणे, दूध, अंडं चालत नाही, अंगावर उठतं, श्वास कोंडतो. तेही मूल रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून 2014 पासून ही पद्धत अमेरिकाभर सुरू झाली. सगळ्यांना सामावून घ्यायचं तर फार काही लागत नाही, एवढं लक्षात ठेवण्यासारखं.

तुम्ही म्हणाल, बाई, अन्नाशी खेळ? मलाही ते टोचलं होतं. तिथे रंगवलेल्या तांदळात मुलांना खेळवतात. मी लेकीला म्हटलं, तांदूळ नको, मला बघवणार नाही. तिने ऐकलं. त्याऐवजी अंगणात पडलेली लाल-पिवळी पानं टोपलीत भरली. मुलांनी ती उधळली, चुरली, कानाशी धरून त्यांचा कुरकुर आवाज ऐकला. भोपळ्याच्या बिया धुऊन, मीठ लावून भाजल्या, त्या आम्ही मोठ्यांनी खाल्ल्या. गर काढून किसला, त्यात गूळ आणि गव्हाचं पीठ घातलं आणि मी घारगे तळले. मुलांच्या आया बोटं चाटत होत्या. काहीही वाया गेलं नाही.

शेवटी मी मुलांना गोष्ट सांगितली, लेकीने ती इंग्रजीत करून दिली. कुठली, ते तुम्ही ओळखलं असेल. भोपळ्यात बसून रानातून घरी येणाऱ्या म्हातारीची. वाटेत वाघ, कोल्हा टपलेले आणि ती आपली भोपळ्यात बसून डोकं वापरून निसटते. मीही लेकीकडे आलेली म्हातारीच की. त्या गोष्टीत वाघ आहे, भीती आहे, पण मूल म्हातारीच्या बाजूने असतं आणि ती सुटते. भीती असावी, पण अशी, आजीच्या मांडीवर बसून ऐकायची आणि शेवटी हसायची.

त्या वर्षी 31 ऑक्टोबरलाच आपली नरकचतुर्दशी आली होती. पहाटे मी नातवाला तेल लावलं, उटणं लावलं, ऊन पाण्याने आंघोळ घातली. उटण्याचा वास, खरखरीत स्पर्श, गरम पाणी. मला वाटलं, हाही हाताचा-नाकाचा खेळच की, आपल्या आज्यांनी नाव न देता ठेवलेला. आणि त्याच दिवशी सहाच्या आत सूर्य मावळल्यावर तो सशाचे कान लावून, भोपळ्याचा छोटा दिवा हातात घेऊन बाहेर पडला.

लेकीने त्याला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. कुठल्या रस्त्याने जायचं, किती घरं करायची, काय काय दिसेल. दुपारी बापाने त्याच्यासमोर मुखवटा चढवला आणि काढला, चढवला आणि काढला. "बाबा, आता मी लावतो," म्हणून त्याने स्वतः लावून पाहिला. तरी एका घराच्या अंगणात तसाच लाल डोळ्यांचा सांगाडा होता. नातू थबकला. माझा हात घट्ट धरला. आधीची मी असते तर म्हटलं असतं, "चल, घाबरतोस काय!" मी खाली बसले आणि विचारलं, "जायचं की नाही?" तो म्हणाला, "नको आजी. हे घर नको." आम्ही पुढे गेलो. पाच घरं झाली, चार चॉकलेटं आणि एक पेन्सिल मिळाली, आणि तो म्हणाला, "झालं. घरी." त्या रात्री मोठा दिवा घालवला तरी चाललं. उशाशी तो भोपळ्याचा दिवा तेवढा हवा होता.

मैत्रिणींनो, हॅलोविन आपल्या गावात आणा असं मी सांगत नाही. तो त्यांचा सण, त्यांच्याकडे शोभतो. आपल्याला सण काय कमी आहेत! पण परत आले त्या आठवड्यात आमच्या आळीत एक आई लेकराला म्हणत होती, "विहिरीकडे जाऊ नको, तिथे हडळ आहे." तिची काळजी खरी होती. विहीर आहे, पोर लहान आहे. पण मी तिच्याजवळ बसले आणि माझ्या लेकीची गोष्ट सांगितली. हडळीला भिणारं पोर मोठं झालं की त्याला कळतं, हडळबिडळ काही नाही. मग ते बेधडक विहिरीवर जातं. खरं कारण सांगितलं तर ते टिकतं. "विहीर खोल आहे, पाय घसरला तर माणूस बुडतं, मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय जायचं नाही." आणि हे सांगून झालं तरी विहिरीवर जाळी हवीच. लहान मूल सांगितलेलं विसरतं, जाळी विसरत नाही.

तसंच बाकीचं. "जेव, नाहीतर पोलीस नेतील" असं म्हणू नका. उद्या पोर गर्दीत हरवलं तर मदत मागायला ते त्याच पोलिसाकडे गेलं पाहिजे. "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील" असंही नको. दवाखान्यात न्यायची वेळ आली की तेच पोर दारातून आत येत नाही, आणि मग आपणच हैराण होतो. आणि घाबरलेल्या लेकराला भित्रा म्हणू नका. जवळ घ्या, म्हणा, "भीती वाटली ना? मी आहे." दोन वाक्यांचं काम आहे.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने सांगा, लहानपणी तुम्हाला कशाची भीती घातली होती आणि ती कधी गेली. ऐकताना हसाल, आणि एखादीचे डोळेही भरतील. मग ठरवा, आपल्या घरात यातलं कोणतं वाक्य आजपासून बंद.

मी माझं बंद केलंय. परवा नातवाचा व्हिडिओ कॉल आला होता. म्हणाला, "आजी, भोपळा कुजला, आईने टाकून दिला. पण दिवा आहे." मी म्हटलं, "असू दे बाळा. दिवा राहिला ना, झालं तर मग."